लिमिटच्या वर किती चालतं? गाडीच्या वेगाबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी यवतमाळ जिल्ह्यात अकरा वर्षं काळी-पिवळी चालवली. आता तालुक्याच्या गावी पोरापोरींना गाडी शिकवतो. खालचे प्रश्न शिकायला येणाऱ्यांनी विचारलेले आहेत, त्यांच्या आईवडिलांनी विचारलेले आहेत, आणि काही बाजाराच्या दिवशी भेटणाऱ्या जुन्या ड्रायव्हर मित्रांनी. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून एकदा नीट लिहून काढले.

बोर्डावर ६० लिहिलं असलं तर खरं किती चालतं?

पानठेल्यावर विचारा, उत्तर लगेच मिळतं. दहा वर म्हणजे काहीच नाही. रस्ता मोकळा असेल तर वीस. नवी चारचाकी असेल आणि डांबर ताजं असेल तर शंभरपर्यंत कोणी भुवई उंचावत नाही. शंभरच्या पुढं गेलं की "लय हाणते बे हा!" असं म्हणतात, पण त्या म्हणण्यातही निम्मं कौतुक असतं. उलट बोर्डाप्रमाणे ६० नं जाणाऱ्याला मागून हॉर्न बसतो आणि ओव्हरटेक करताना खिडकीतून शब्द येतो: "काऊन, बंडी हाकलून राह्यला का?" बंडी म्हणजे बैलगाडी. आमच्याकडे हळू चालवण्याची लाज वाटते, जोरात चालवण्याची वाटत नाही.

हा अलिखित दर सगळ्यांना पाठ आहे. तो मोडला तर लोक बोलतात, पाळला तर कोणी काही म्हणत नाही. पण तो ठरवला कोणी? गाडीत बसणाऱ्यांनी. त्याच रस्त्यानं डोक्यावर भारा घेऊन जाणारी बाई, बंडीवाला, शाळेची सायकल, शेळ्या वळणारं पोरगं, यांना कधी कोणी विचारलं नाही की तुमच्या शेजारून किती वेगानं गेलं तर चालेल. "समाजाला चालतं" असं आपण म्हणतो तेव्हा त्या समाजात हे लोक धरलेलेच नसतात. या पानावरची बहुतेक उत्तरं याच एका गोष्टीपाशी येतात, हे आधीच सांगून ठेवतो.

कायद्यानं नेमकी मर्यादा किती आहे?

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ११२. त्याखाली केंद्र सरकारनं एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेत वाहनाप्रमाणे आणि रस्त्याप्रमाणे कमाल वेग दिले. कारला द्रुतगती मार्गावर १२०, दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर १००, शहराच्या हद्दीत ७० आणि बाकीच्या रस्त्यांवर ७०. मोटरसायकलला चौपदरीवर ८० आणि बाकी रस्त्यांवर ६०. मालवाहू गाड्यांना चौपदरीवर ८०, इतरत्र ६०. बसला चौपदरीवर ९०, इतरत्र ६०. ॲपेसारख्या तीनचाकीला ५०.

आपल्या भागातले बहुतेक रस्ते "बाकीचे रस्ते" या खात्यात येतात. दारव्हा-दिग्रस घ्या, मोर्शी-वरूड घ्या, मूल-सिंदेवाही घ्या. जिथं मधात दुभाजक नाही तिथं कारला ७० आणि फटफटीला ६०, याच्या वर नाही. आणि शाळा, वळण, गाव, पूल अशा जागी ३०-४० चा बोर्ड लावलेला असेल तर बोर्डाचा आकडा चालतो. "केंद्राचं सत्तर आहे" असं म्हणून तो बोर्ड ओलांडता येत नाही.

दहा-वीसची सूट कायद्यात कुठंही नाही. ती आपण एकमेकांना दिलेली आहे.

पण गाडीच ८० पर्यंत काही बोलत नाही. मग ८० चालतं ना?

हा गैरसमज मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. १ जुलै २०१९ पासून नव्या कारमध्ये वेगाची सूचना देणारा आवाज सक्तीचा झाला. ८० ओलांडलं की थांबून थांबून टिकटिक होते, १२० ओलांडलं की सलग वाजत राहते. लोकांनी त्याचा अर्थ असा काढला की आवाज नाही म्हणजे गुन्हा नाही.

गाडीला रस्ता ओळखता येत नाही. ती नेर-दारव्हा रस्त्यावर आहे की समृद्धीवर, तिला कळत नाही. दुपदरी रस्त्यावर ती टिकटिक वाजते तेव्हा तुम्ही मर्यादेच्या दहा वर जाऊन पोचलेले असता. गेल्या पाच-सहा वर्षांत या आवाजानं आमच्या भागात एक नवीन मर्यादा तयार करून टाकली आहे, हे मी डोळ्यानं पाहतो. शिकाऊ पोरगं ७८-७९ वर काटा धरून ठेवतं आणि त्याला वाटतं आपण नियमात आहोत.

काटा थोडा जास्तच दाखवतो म्हणतात. खरं का?

खरं आहे. काट्यानं खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू नये अशी अट असते, म्हणून कंपन्या तो किंचित चढाच ठेवतात. मोबाईलवर ६६ असेल तर काट्यावर ७० दिसू शकतं. पण टायर बदलून मोठे बसवले असतील तर हिशेब उलटतो: काटा कमी दाखवतो आणि गाडी जास्त पळते. तीन-चारचा हा फरक तुमच्या बाजूला ठेवलेला आहे, तो वर चढवायला वापरू नका.

दहा वर गेलं तर असं काय बिघडतं?

हे गणित मला विशीत कोणी करून दाखवलं असतं तर मी फार वेगळी गाडी चालवली असती. म्हणून सावकाश करतो.

६० च्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. समोर काही दिसलं, डोक्यानं ते ओळखलं, पाय ब्रेकवर गेला, यात दीड सेकंद धरा. ब्रेक लागायच्या आधीच २५ मीटर गेले. रस्ता कोरडा आणि टायर चांगले असतील तर थांबायला आणखी २० मीटर. एकूण ४५.

आता समजा बरोबर ४५ मीटरवर शाळेतून येणारं पोरगं सायकलसकट आडवं आलं. ६० वाला त्याच्या पुढ्यात थांबतो. पोरगं घाबरतं आणि घरी जातं. ७० वाल्याचे २९ मीटर ब्रेक लागण्याआधीच संपलेले असतात; उरलेल्या १६ मीटरमध्ये गाडी आवरते, पण पोरापाशी पोचते तेव्हा वेग ४५ असतो. आणि ८० वाल्याचे ३३ मीटर आधीच गेलेले. त्याच्या हाती ११-१२ मीटर उरतात. तो ६५ नं धडकतो.

दहा वर म्हणजे धडकही दहाचीच बसेल, असं मन समजून चालतं. तसं होत नाही. धक्क्याची ताकद वेगाच्या वर्गानं वाढते. ६० चे ८० झाले की वेग तिसऱ्या हिश्शानं वाढलेला दिसतो, पण ताकद पावणेदोन पटीच्या वर जाते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की गाडीचा वेग ५० वरून ६५ वर गेला तर धडक बसलेला पायी माणूस मरण्याचा धोका साडेचार पट होतो. आणि रस्त्यावरचा सरासरी वेग एक टक्का वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो.

देशात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. केंद्र सरकारच्या अहवालात त्यातले ७१ टक्क्यांच्या वर मृत्यू अतिवेगाच्या खात्यात आहेत. पंचनाम्यात "भरधाव वेगाने" हे शब्द बरेचदा सवयीनंही लिहिले जातात, हे मला माहीत आहे. तरी तो आकडा अर्ध्यावर आणला, तरी तो साठ हजारांच्या आसपास राहतो.

वेळ तर वाचतो ना?

४० किलोमीटरला ६० नं ४० मिनिटं, ७० नं ३४, ८० नं ३०. हे कागदावर, सलग तोच वेग धरला तर. मधात चार गावं, सहा गतिरोधक, एक रेल्वे फाटक आणि बाजाराची गर्दी धरली की वाचलेली मिनिटं तीन-चारवर येतात. मी अकरा वर्षांत फाटकावर माझ्याच मागच्या गाडीला किती वेळा शेजारी येऊन थांबलेलं पाहिलं, मोजता येणार नाही.

सगळेच ८० नं जातात. मी ६० नं गेलो तर मागूनच ठोकतील. मग नियम पाळणं जास्त धोक्याचं नाही का?

प्रश्न प्रामाणिक आहे. रस्त्यावरच्या गाड्यांच्या वेगांत फार फरक असला की धोका वाढतो, हे खरं. वाहतुकीचे इंजिनिअर मर्यादा ठरवताना शंभरातल्या ८५ गाड्या ज्या वेगाच्या आत चालतात तो वेगही बघतात, तोही याच कारणानं.

पण आपला रस्ता फक्त कारचा नाही. बंडी चार-पाच किलोमीटरनं चालते. भरलेला ट्रॅक्टर वीसनं. बाई पायी. म्हणजे वेगातला सगळ्यात मोठा फरक ६० वाला आणि ८० वाला यांच्यात नसतोच, तो ८० वाला आणि बंडी यांच्यात असतो. फरक कमी करायचा असेल तर तो वरच्या बाजूनं कमी करावा लागेल. बैल काही पळणार नाहीत.

मागचा चिकटून येत असेल तर आरसा बघा, डावीकडं सरका, इंडिकेटर द्या, जाऊ द्या. त्याच्यासाठी आपला वेग वाढवू नका. आणि चौपदरीवर ६० नं उजव्या पट्टीत जाऊ नका, तिथं मागच्याची चूक नसते, तुमची असते.

म्हातारी माणसं, गुरंढोरं मधात येतात. त्यात ड्रायव्हरची काय चूक?

इथं मला माझी गोष्ट सांगावी लागेल.

दिवाळीच्या आधीचे दिवस, दिवस मावळायची वेळ. माझ्या गाडीत अकरा माणसं, काटा ८० च्या थोडा खाली. एका वळणाच्या पलीकडं एक म्हातारबा सायकल हातात धरून चालले होते, कॅरिअरवर हिरव्या गवताचा भारा. त्यांना ओलांडताना समोरून ट्रक आला आणि मला डावीकडं दाबावं लागलं. माणसाला लागलं नाही. भारा मात्र आरशाला घासला आणि सुटला, सायकल रस्त्याच्या खाली गेली. मी पन्नास-साठ पावलं पुढं जाऊन थांबलो. गाडीत क्षणभर कोणी बोललं नाही. मग मागून एक जण म्हणाला, "म्हातारा मधात कायले आला?" दोन-तीन जणांनी मान हलवली. माझ्या वेगाबद्दल एक शब्दही नाही. त्यातल्या बऱ्याच जणांचे वडील रोज त्याच वेळी तसेच घरी येत असतील.

मी मागं चालत गेलो. म्हातारबा गुडघ्यावर बसून डांबरावरचं गवत गोळा करत होते. भाऱ्याची दोरी तुटली होती, ते तिला गाठ मारत होते आणि हात थरथरत होता म्हणून गाठ बसत नव्हती. मी दोरी धरली. माझ्याकडं न बघता ते म्हणाले, "तुमचं काही नाही बापा, मलेच लवकर सरकता नाही आलं."

त्या रस्त्याची कड त्यांची होती. मी तिच्यावर गेलो होतो, आणि माफी ते मागत होते. आरशाच्या फटीत अडकलेल्या गवताच्या काड्या मी दोन दिवस काढल्या नाहीत. त्यानंतर माझा काटा त्या रस्त्यावर ६० च्या वर गेला नाही, आणि वर्षभरात मी काळी-पिवळी सोडली.

तर चूक कोणाची? वळणाच्या पलीकडं जे दिसत नाही तिथं माणूस आहे असंच धरून चालवायचं असतं. जेवढं दिसतं तेवढ्यात थांबता आलं पाहिजे. हे जमत नसेल तर वेग जास्त आहे, मग बोर्डावर काहीही लिहिलेलं असो.

रात्री रस्ता मोकळा असतो. तेव्हा जास्त चालवलं तर?

रात्री तर बोर्डाचा आकडासुद्धा जास्त आहे असं माझं मत आहे. डिपरच्या (खाली पाडलेल्या हेडलाइटच्या) उजेडात गडद कपड्यातला माणूस साधारण ४०-५० मीटरवर दिसतो. आणि ६० ला थांबायला ४५ मीटर लागतात. म्हणजे साठलाच आपण अगदी काठावर असतो.

आमच्या भागात रात्री काय काय असतं ते नव्या माणसाला सांगावं लागतं. सोयाबीन आणि कापसाच्या हंगामात मागचा दिवा नसलेल्या ट्रॉल्या. कापसाची गाडी वरून इतकी फुगलेली असते की तिची रुंदी कळत नाही. तुम्ही ८० नं आणि ती २० नं, तर ५० मीटरचं अंतर तीन सेकंदांत संपतं. त्यातला दीड सेकंद तर ओळखण्यातच जातो. अंधार पडायच्या सुमाराला रोही (नीलगाई) रस्ता ओलांडतात. एक दिसला म्हणजे मागं आणखी आहेत असं समजा. पहिला गेला म्हणून गाडी दामटू नका. गजानन महाराजांच्या दर्शनाला शेगावला पायी जाणारे लोक पहाटेच निघतात. आणि भंडारा-गोंदियाकडं धान, आपल्याकडं तूर-सोयाबीन रस्त्यावरच वाळत घातलेलं असतं, कडेला दगड मांडलेले. धान्य उचललं जातं, दगड तसेच राहतात.

पहाटे पाच वाजता आणखी एक गोष्ट: पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी. गावात मैदान नाही, म्हणून ती डांबरी रस्त्यावर पळतात, चार-पाच जण एका ओळीत, पुष्कळदा कानात हेडफोन. त्यांना मी सांगतो की गाडीच्या समोरून येणाऱ्या बाजूनं पळा, अंगावर पांढरं घाला, कान मोकळे ठेवा. गाडीवाल्यांना सांगतो की पहाटेचा मोकळा रस्ता म्हणजे त्यांचं मैदान आहे.

पावसाळ्यात किती कमी करायचं?

निदान तिसरा हिस्सा. ओल्या रस्त्यावर ब्रेकचं अंतर बरंच वाढतं, हे सगळीकडंच. त्यात आपल्याकडं जमीन काळ्या मातीची आहे. ती पाण्यानं फुगते आणि उन्हात आकसते, म्हणून रस्त्याला लाटा येतात, साइडपट्टी खचते आणि डांबराच्या कडेला वीतभर पायरी तयार होते. ८० नं जाताना एक चाक त्या पायरीखाली उतरलं आणि तुम्ही घाबरून स्टिअरिंग झटक्यानं ओढलं, की गाडी समोरच्या लेनमध्ये जाते. चाक उतरलंच तर ओढू नका, एक्सलेटर सोडा, गाडी हळू होऊ द्या, मग वर घ्या. शिवाय शेतातून निघालेला ट्रॅक्टर टायरची माती रस्त्यावर सोडत जातो. पहिल्या भुरभुर पावसात ती माती साबणासारखी होते.

समृद्धीवर तर १२० ला परवानगी आहे. तिथं १३०-१४०?

समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, शेवटचा जून २०२५ मध्ये. विदर्भातल्या नागपूर, वर्धा, अमरावती, वाशिम आणि बुलडाणा या जिल्ह्यांतून तो जातो. दुचाकी, तीनचाकी, ट्रॅक्टर यांना तिथं बंदी आहे, म्हणून बंडीचा प्रश्न तिथं येत नाही. पण सरळ, एकसुरी रस्त्यावर डोळा लागतो, आणि काही वेळानं १२० सुद्धा हळू वाटायला लागतं. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली बस उलटून पेटली आणि २५ जण गेले. निघण्याआधी टायरची हवा बघा, घासलेले टायर घेऊन चढू नका, आणि दर दीड-दोन तासांनी उतरून पाय मोकळे करा.

माझी खरी काळजी वेगळी आहे. तासभर १२० नं आलेला माणूस कारंजा किंवा मेहकरला खाली उतरतो आणि गावच्या रस्त्यावर ८० त्याला चालल्यासारखं वाटतं. खाली उतरल्यावर पहिले दहा किलोमीटर डोळ्यावर विश्वास ठेवू नका, काट्यावर ठेवा.

मालक म्हणतो इतक्या वाजता पोचलंच पाहिजे. ड्रायव्हरनं काय करायचं?

हे फार कमी ड्रायव्हरांना माहीत असतं: कलम १८३ फक्त चालवणाऱ्यावर नाही. नोकराला किंवा हाताखालच्या माणसाला मर्यादेच्या वर चालवायला लावणाराही दंडाला पात्र आहे. त्याच कलमात पुढं असंही आहे की मर्यादा मोडल्याशिवाय गाठता येणार नाही असं वेळापत्रक कोणी काढलं किंवा तसा हुकूम दिला, तर तेच त्याच्याविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा धरलं जातं. फोनवरचा मेसेज पुसू नका.

मला माहीत आहे, दिवसाच्या फेऱ्यांवर पोट असलेल्या माणसाला कलम दाखवून मालकाशी भांडता येत नाही. पण दोघा-चौघांनी मिळून वेळ दहा मिनिटांनी वाढवून मागितली तर मिळते. आम्ही मागितली होती, मिळाली होती.

दंड किती? आणि समोरून लाइट मारून पोलीस असल्याचं सांगणं चूक आहे का?

केंद्राच्या कायद्यात हलक्या वाहनाला १,००० ते २,००० रुपये, मध्यम आणि जड वाहनाला २,००० ते ४,०००. पुन्हा सापडलात तर लायसन्स जप्त होऊ शकतं. कोणाचा जीव गेला तर मग भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागतं, पाच वर्षांपर्यंत कैद.

लाइट मारण्याबद्दल: "पुढं मामा उभे आहेत" हे सांगणं आपल्याकडं माणुसकी समजली जाते. मीही वर्षानुवर्षं केलं. आता करत नाही. पुढं रोह्यांचा कळप आहे, बंद पडलेला ट्रक आहे, तेव्हा जरूर मारा.

पोरगा सोळाचा आहे, फक्त शेतापर्यंत गाडी नेतो. तेवढं चालतं ना?

नाही. कलम १९९अ प्रमाणे पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, आणि गाडीची नोंदणी बारा महिने रद्द.

साप चावला, बाळंतपण अडलं, तेव्हाही ६० नंच जायचं?

कोणताही बाप काट्याकडं बघणार नाही, मी बघितलं नसतं. म्हणून वेगापेक्षा जास्त वेळ कुठं वाचतो ते सांगतो. आधी १०८ लावा, आणि गाडी घरून निघालीच असेल तर रुग्णवाहिका अर्ध्या वाटेवर कुठं भेटेल ते ठरवा. पऱ्हाटीत (कापसाच्या शेतात) साप चावलेल्या माणसाला ज्या दवाखान्यात नेताय तिथं सर्पदंशाचं औषध आणि डॉक्टर आहेत का, हे दुसऱ्या माणसानं फोन करून विचारायचं. चुकीच्या दवाखान्यात वेगानं पोचून तिथून परत निघण्यात अर्धा-पाऊण तास जातो, तेवढा वेळ कुठल्याच वेगानं भरून निघत नाही. चालवायला घरातला सगळ्यात शांत माणूस बसवा. सख्खा भाऊ नको, शेजारी बरा.

बाहेरच्या देशांत अशी सूट असते का?

असते, पण ती मोजण्याच्या यंत्रासाठी असते. ब्रिटनमध्ये पोलिसांच्या मार्गदर्शनात मर्यादेच्या दहा टक्के अधिक दोन मैल यानंतर कारवाई सुरू करावी असं आहे, आणि लोकांनी तोच आकडा पाठ करून ठेवला. जर्मनीत शंभरच्या आतल्या वेगाला फक्त तीन किलोमीटर वजा करतात. अमेरिकेत दहा मैल वर म्हणजे चालतं, असं सर्रास मानतात. म्हणजे पानठेला तिकडंही आहे. फरक एवढाच की तिकडच्या बहुतेक मोठ्या रस्त्यांच्या कडेनं कोणी भारा घेऊन चालत नसतं.

आपण प्रवासी असलो तर ड्रायव्हरला हळू चालव कसं म्हणायचं? लोक नावं ठेवतात.

ठेवतात. दारू पिऊन चालवणाऱ्याला आपण थांबवतो, पण जोरात चालवणाऱ्याला कोणी बोललं की "घाबरता का?" असं उलट विचारलं जातं. पाहुणा असेल तर आणखी अवघड. जावयाला कोण सांगणार?

माझ्या गाडीत एक मावशी रोज यायच्या, शाळेत खिचडी शिजवायला जायच्या. चढतानाच म्हणायच्या, "भाऊ, आम्हाले घाई नाही, आरामात जाऊ द्या." रागवून नाही, टोमणा नाही. आणि "आम्हाले" म्हणायच्या, "मले" नाही. सगळ्यांच्या वतीनं बोलल्या की बाकीचेही हो म्हणतात, आणि ड्रायव्हरचा मानही राहतो. जोर धरल्यावर सांगण्यापेक्षा निघतानाच सांगितलेलं ऐकलं जातं. ज्या दिवशी त्या नसत त्या दिवशी मी जास्त पळवायचो, हे मला आठवतं.

आमच्या गावातून गाड्या फार जोरात जातात. काय करता येईल?

अपघात झाला की गावकरी एका रात्रीत सिमेंटचा उंचवटा घालतात. राग समजतो, पण तो उंचवटा सरळ धारेचा आणि रंग नसलेला असतो. पुढचा फटफटीवाला त्याच्यावरच पडतो. नियमाचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मधोमध १० सेंटिमीटर उंच असतो, त्यावरून २५ नं आरामात जाता येतं. तो मागायचा असेल तर ग्रामसभेचा ठराव घ्या आणि रस्ता ज्याचा असेल त्याला द्या: सार्वजनिक बांधकाम उपविभाग किंवा जिल्हा परिषद. राष्ट्रीय महामार्ग असेल तर १०३३ वर तक्रार करून नंबर घ्या.

ठराव मंजूर होईपर्यंत दोन कामं गावालाच करता येतात. वळणावरच्या बाभळी आणि बेशरम छाटा, म्हणजे पलीकडचं दिसेल. आणि बंड्यांना, ट्रॉल्यांना, सायकलींना मागून लाल चमकणारी पट्टी लावा. आम्ही पोळ्याच्या आधी लावतो, कारण तेव्हा सगळ्या बंड्या धुतलेल्या असतात आणि पट्टी नीट चिकटते. साट्याच्या मागच्या फळीवर, दोन्ही टोकांना, म्हणजे रात्री रुंदी कळते. धुळीनं ती दहा दिवसांत दिसेनाशी होते. घरातल्या पोराला सांगून ठेवायचं, बाजाराच्या दिवशी ओल्या फडक्यानं एकदा पुसायची.